उधार राहिलेला प्रश्न

इसवी सन २०१८, जानेवारी महिना. हरमॅटन वाऱ्याचे दिवस. उत्तरेच्या वाळवंटातली धूळ कुमासी शहरावर उतरली होती. सूर्य चंद्रासारखा फिका दिसायचा आणि त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यायचं. ओठ फुटायचे. दोरीवरचा सदरा झटकला की तांबडी भुकटी उडायची.

अशा एका दुपारी क्वासी ओबेंग झेरॉक्सच्या टपरीवरून पास्को घेऊन घराकडे निघाला. पास्को म्हणजे मागच्या परीक्षांचे प्रश्न. बाहेर पडलेल्या पोरांनी आठवून सांगितलेले, कुणी तरी टाइप केलेले, उत्तरांसकट. इकडे शाळकरी पोरापासून वकिलापर्यंत सगळ्यांचा भरवसा पास्कोवर. घोकायचं, पेपरात ओकायचं, विसरून जायचं.

ओबेंगने डॉक्टरकी रशियात केली होती. परदेशात शिकून आलेल्याला वैद्यक मंडळाची परीक्षा दिल्याशिवाय इथे रुग्णाला हात लावता येत नाही. ओबेंग तिच्यात दोनदा आपटला होता. ही तिसरी खेप, आणि शेवटची.

त्याचा जोडीदार बाफूर. रशियातही बरोबर, इथेही बरोबर. बाफूरच्या थोरल्या मावशीचं घर असोकोरे भागातल्या चढावर होतं. घर तसं एकटंच. शेजारी अर्धवट बांधलेल्या भिंती आणि गवत. मावशीचं नाव आफ्राकोमा. सगळे तिला एनो म्हणत, म्हणजे आई. बाफूरला तिनेच वाढवलं. पुढची खोली तिने दोघांना अभ्यासाला दिली होती आणि दोघांना जेवायलाही तीच घालायची. ओबेंगकडून तिने कधी काही घेतलं नाही.

"आणलंस तुझं बायबल?" बाफूरने विचारलं.

"हस. यातले निम्मे प्रश्न दर वर्षी येतात."

"आणि बाकीचे?"

"ते तुझ्यासारख्या विद्वानांना."

"चार्ले, दोस्ता, दोन वेळा तू हेच चावलंस. दोन्ही वेळा घशात अडकलं."

ओबेंगला हे लागलं. बाफूरची पद्धत निराळी होती. पुस्तक मिटायचं आणि समोर माणूस बसवून मोठ्याने सांगायचं. तो म्हणायचा, ऐकणारा पाहिजे. भिंतीला काहीही सांगितलं तरी ती ऐकून घेते. मग आळीपाळीने प्रश्न. उत्तर बरोबर आलं की तो टेबलाला खालून बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचा. वर पुस्तकांमुळे जागाच नसायची. नुसता रोग ओळखला तर एकदाच ठक. "हे अर्धं झालं. पुढे काय करशील ते सांग," म्हणायचा. ते सांगितलं की दुसरी ठक. आणि ज्याला उत्तरच आलं नाही तो प्रश्न उधार. पुढच्या बैठकीला आधी उधारी फेडायची, मग नवं काढायचं.

त्या दुपारी बाफूर खुर्चीत बसल्या बसल्या डाव्या पोटरीला मेंथॉलचं मलम चोळत होता. दिवसचे दिवस तो त्या खुर्चीतून उठत नसे. खोलीभर त्या मलमाचा वास होता.

"प्रश्न घे," तो म्हणाला. "पंचेचाळीस वर्षांचा ट्रक ड्रायव्हर. सारा दिवस बसून. डावी पोटरी दुखते, थोडी सुजलीय. आज चढ चढताना धाप लागली. काय असेल?"

ओबेंगने मान वर केली नाही. तो पास्कोवर पिवळ्या रंगाने रेघा ओढत होता.

"पास्कोत नाही. पुढचा."

"अरे, उत्तर तर दे."

"गेल्या आठवड्यात तुला मेंदूज्वर झाला होता. त्याच्या आधी कॅन्सर. आता ट्रक ड्रायव्हर कुठनं आणलास?"

बाफूर हसला, पण जरा उशिरा.

"बरं," तो म्हणाला. "उधार."

सकाळी एनो मक्याची आंबील घेऊन खोलीत गेली तेव्हा बाफूर खुर्चीतच होता. पुस्तक मांडीवर मिटलेलं. पाय लांब केलेले. अंग गार.

माती फेब्रुवारीच्या अखेरीस ठरली. परदेशातली भावंडं यायची होती. घराला रंग द्यायचा होता, सगळ्यांची लाल-काळी कापडं शिवायची होती. तोवर देह शवागारात. पोलिसांनी चिरफाडीचं विचारलं तेव्हा घराण्याचा कर्ता ओपान्यिन डान्सो नाही म्हणाला. ओपान्यिन म्हणजे वडीलधारा. हा डान्सो एनोचा मावसभाऊ. सत्तरीचा, जाड, सावकाश बोलणारा.

सांत्वनाला आलेल्या माणसांत ओबेंग मागच्या बाकावर बसला होता. डान्सो कुणाला तरी सांगत होता. आवाज हलका होता, पण ऐकू येत होतं.

"क्वाबेनाही असाच गेला. बसल्या जागी. ट्रकच्या चाकामागे."

"कोण क्वाबेना?"

"हिचा भाऊ. बाफूरचा मामा. पंचेचाळीसचा असेल तेव्हा. पाय सुजला म्हणत होता, आणि दुसऱ्या दिवशी गेला. आता हा. दोघांनाही हिनेच वाढवलं, हिनेच खाऊ घातलं." डान्सो थोडा थांबला. "मी काही बोलत नाही. माती होऊ दे. मग बैठकीत बघू."

बघू म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. अशी बाई चेटकीण ठरते, आपलीच माणसं खाणारी. तिला घरातून काढतात. कुठे तरी लांबच्या खेड्यात एक खोली देतात, आणि रस्त्यात भेटली तर पोरांना पदराआड घेतात.

ट्रक ड्रायव्हर कुठून आला ते ओबेंगला आता कळलं. बाफूरने स्वतःचं दुखणं मेलेल्या मामाच्या अंगावर घालून त्याच्यापुढे ठेवलं होतं. सरळ विचारलं असतं तर ओबेंग हसला असता. याआधी हसलाच होता.

आणि उत्तर? उत्तर त्याला येत होतं. पास्कोबाहेरचं असलं तरी पहिल्या वर्षाचं पोरही ते सांगेल. मलमाचा वास त्याच्या नाकात होता, पोटरी डोळ्यांसमोर होती. त्याने मान वर केली नव्हती, एवढंच.

त्याने उठून ते तिथे सांगायला हवं होतं. तो उठला नाही. काय सांगणार? शेजारी बसलेल्या मित्राचं मरण मला वाचता आलं नाही, आणि मी डॉक्टर होणार? माणसं पांगली. तो आत गेला आणि एनोने वाढलेलं उकडलेलं रताळं आणि पालेभाजी खाली मान घालून जेवला.

एनोने बाफूरची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

"माती होईपर्यंत तिला हात लावू नकोस," ती म्हणाली. "तो अजून गेला नाही."

"बरं, एनो."

"आणि जेवत जा नीट. परीक्षा आहे तुझी."

परीक्षा तोंडावर आली. ओबेंग पास्को वाचायचा, पण डोक्यात काही टिकत नव्हतं. सकाळचं दुपारी पुसलं जायचं. कागद उलटला की मागचा कोरा. तिसरी खेप होती. आणखी संधी नव्हती.

एका दुपारी एनो कापडाच्या कामाला बाजारात गेली होती. घरात कुणी नव्हतं. बाहेर धुळीने सगळं पांढुरकं झालेलं, समोरचा आंबाही दिसत नव्हता. काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीतून वारा बारीक शीळ घालत होता. ओबेंग बराच वेळ त्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिला. मग उठला, खुर्ची फिरवली आणि टेबलापाशी आपल्यासमोर ओढली.

पुस्तक मिटलं.

"बाफूर," तो म्हणाला, "ऐक."

आणि तो सांगू लागला. मूत्रपिंडाचे आजार. आधी अडखळत, मग सरळ. एकातून दुसरं निघत गेलं. कधी वाचलं होतं तेही आठवेना, अशा गोष्टी तोंडातून येत होत्या. तो थांबला तेव्हा एनोची चाहूल लागली होती. त्याने घाईने खुर्ची पुन्हा भिंतीकडे फिरवली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. एनो कधी बाहेर पडते याची तो वाट बघू लागला. पुरायच्या राहिलेल्या मित्राला समोर बसवून तो आपलं पाठांतर पक्कं करत होता. त्याची त्याला शरम वाटायची, पण रात्री. दिवसा नाही.

मग मलमाचा वास आला.

खोली धुतलेली होती. मलमाची डबी बाफूरच्या कपड्यांबरोबर बांधून आत ठेवलेली होती. तरी वास आला. आधी पुसट, मग जवळ कुणी चोळतंय असा. ओबेंग बोलायचा थांबला नाही. हृदयाच्या झडपांचं चाललं होतं. ते संपलं, पुढे काय करायचं तेही सांगून झालं. आणि टेबलाखालून आवाज आला.

ठक. ठक.

ओबेंगने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. मग...

इथे दुसरा कुणी असता तर पळाला असता. ओबेंगने पुढचा धडा सुरू केला. बरोबर असेल तिथे ठक ठक यायचं, चुकेल तिथे शांत. असा मास्तर त्याला कुठे मिळणार होता?

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते थांबलं. त्याने सांगितलं, बरोबर सांगितलं, आणि काही नाही. दुसरं सांगितलं. काही नाही. बाहेर धूळ इतकी दाटली होती की भर दुपारी खोलीत संध्याकाळ झाली होती. वारा पडला होता. शीळ नव्हती. मलमाचा वास एवढा की डोळ्यांत पाणी येत होतं.

"काय चुकलं?" ओबेंगने विचारलं.

समोर कुणी नव्हतं. खुर्चीच्या वेताच्या पट्ट्या हळूच करकरल्या, माणूस पुढे वाकतो तशा.

"आधी... उधारी..."

तो आवाज बाफूरचा होता. फक्त मध्ये मध्ये दम लागत होता, चढ चढून आल्यासारखा.

ओबेंगने उत्तर दिलं. त्याला दुसरं काही सुचेना.

"पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी. ती सुटून फुप्फुसात गेली. मामालाही तेच. एकाच आईकडचं रक्त. त्यात हा गुठळीचा दोष असावा."

ठक.

तो दुसऱ्या ठकेची वाट बघत राहिला. ती आली नाही. फाटकाची कडी वाजली आणि एनो डोक्यावर कापडाचं बोचकं घेऊन आत आली. तिने खुर्ची पाहिली. समोर बसलेला ओबेंग पाहिला. खुर्ची उचलून तिने भिंतीकडे फिरवली आणि चुलीपाशी गेली.

परीक्षा राजधानीत, आक्रामध्ये होती. लेखी झाली. दुसऱ्या दिवशी फिरती परीक्षा. एका मोठ्या दालनात पडदे लावून खोल्या केलेल्या. प्रत्येकीत एक रुग्ण, म्हणजे रुग्णाचं सोंग घेतलेला माणूस, आणि एक परीक्षक. घंटा झाली की आत जायचं, घंटा झाली की पुढच्या खोलीत. मध्ये एक रिकामी खोली असते. विसाव्याची. तिथे परीक्षक नाही, रुग्ण नाही. एक खुर्ची आणि पाण्याची पिशवी. तेवढा वेळ बसायचं आणि श्वास घ्यायचा.

ओबेंगचं चांगलं चाललं होतं. खोलीमागून खोली तो बरोबर सांगत गेला. घंटा झाली. त्याने विसाव्याच्या खोलीचा पडदा बाजूला केला.

खुर्चीत कुणी तरी बसलं होतं.

मागे खिडकी होती, तिच्यातून धुळकट उजेड येत होता. त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. डावा पाय लांब केलेला. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पोटरी सुजून चकचकत होती.

"चुकून आलो," ओबेंग पुटपुटला. पण पडदा मागे पडला होता आणि वास ओळखीचा होता.

"अर्धं... झालं," खुर्चीतला म्हणाला. "पुढे काय करशील?"

"दवाखान्यात नेईन. लगेच. रक्त पातळ करायचं इंजेक्शन..."

"ते त्या दिवशी." मध्ये लांब श्वास. "मी आता... बर्फात आहे, चार्ले. आता पुढे काय करशील?"

ओबेंग उभाच होता. त्याला कळलं होतं. ते त्याला सांत्वनाच्या दिवसापासून कळलेलं होतं. दालनात इतक्या खोल्या, इतक्या परीक्षकांपुढे तो खडाखडा बोलला. इथे तोंड उघडेना.

"सांगेन," तो शेवटी म्हणाला.

खुर्चीतून काही आवाज आला नाही. नुसतं सांगेन म्हटल्यावर बाफूरने कधीच ठोकलं नव्हतं.

घंटा झाली. पडदा उघडून पर्यवेक्षक बाईंनी आत डोकावलं.

"कुणाशी बोलत होता? इथे बोलायला मनाई आहे."

"कुणाशी नाही, मॅडम."

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग नाकाला रुमाल लावला. "आणि मलम कसलं लावून आलात हे? पुढच्या मुलाला त्रास होईल."

शनिवारी माती झाली. रविवारी दुपारी अंगणात छत टाकून घराण्याची बैठक बसली. निकाल अजून लागायचा होता. अभ्यासाचं टेबल बाहेर आणून त्यावर देवापितरांना ओतायची दारूची बाटली ठेवली होती. टेबलाच्या एका बाजूला डान्सो आणि जाणती माणसं. दुसऱ्या बाजूला एनो एकटी. तिच्या दोन्ही हाताला खुर्च्या होत्या, पण त्यांवर कुणी बसलं नव्हतं.

"एकाच घरातले दोन पुरुष," डान्सोने सुरुवात केली. "दोघं धडधाकट. एनो, तुला काही सांगायचंय?"

"मी काय सांगू?" एनो म्हणाली. "मी त्यांना जेवायला घातलं."

"तेच तर."

मागे कुणी तरी खाकरलं. एक बाई हसली आणि गप्प झाली. ओबेंग उठला. तो या घराण्याचा नव्हता. त्याला इथे बोलायचा हक्क नव्हता.

"खाली बस, पोरा," डान्सो म्हणाला.

"ओपान्यिन, मला बोलू द्या. मग हाकलून द्या."

तो पुढे आला, एनोच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला आणि त्याने सगळं सांगितलं. पोटरी. धाप. ट्रक ड्रायव्हर. गुठळी कशी होते आणि कुठे जाते. मामालाही तेच झालं असणार, हे रक्त आईकडून उतरतं.

"हे तुला कधी कळलं?" डान्सोने विचारलं.

"त्याने विचारलं तेव्हाच कळायला हवं होतं. मी मान वर करून बघितलं नाही. त्याला म्हणालो, पास्कोत नाही, पुढचा."

छतावर धूळ घसरत होती, तिचा आवाज येत होता.

"तू डॉक्टर आहेस ना?"

"अजून नाही."

"आणि इतके दिवस गप्प बसलास?"

"लाज वाटली. यांना घराबाहेर काढायचं ठरतंय हे ऐकूनसुद्धा गप्प बसलो. यांच्या हातचं खात गप्प बसलो." त्याचा आवाज फाटला, पण तो थांबला नाही. "एनोचा काही दोष नाही. यांनी कुणाला खाल्लं नाही. आणि या आईकडचे जे जे इथे बसलेत त्यांनी दवाखान्यात जाऊन तपासून घ्यावं. पाय सुजला, धाप लागली, तर घरात बसू नका."

ओपान्यिन डान्सोचा हात टेबलाखाली गेला आणि नकळत स्वतःची पोटरी चाचपू लागला. मग त्याच्या ते लक्षात आलं. त्याने हात वर घेतला आणि बाटलीशेजारी सर्वांना दिसेल असा ठेवला.

एनो ओबेंगकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते.

"रोज जेवायला बसायचास," ती म्हणाली. "तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

ओबेंगने तिचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि त्यांवर कपाळ टेकलं. तिने ते काढून घेतले नाहीत. डान्सोचे हात टेबलावर होते. बाकीची माणसं मागे बसली होती, टेबलापासून लांब.

टेबलाखालून राहिलेला दुसरा आवाज आला.

ठक.